कुठे चाललीस?

राजीनाम्याची दोन वाक्यं बारकीने तोंडपाठ केली होती. बसमध्ये मनातल्या मनात म्हणून पाहिली होती, भांडी घासताना पुटपुटून पाहिली होती. दादांच्या काचेच्या केबिनमध्ये पाऊल टाकताच तिने ती एका दमात म्हणून टाकली.

"दादा, पुढच्या महिनाअखेरपर्यंत मी येईन. मग थांबायचं म्हणतेय."

दादांच्या हातात एक कवळी होती. ती खिडकीच्या उजेडात धरून ते हिरडीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस आधी."

ती बसली.

"कुठे चाललीस?"

"कुठे नाही. जरा विश्रांती घेईन. खोकला जातच नाहीये."

"हं." दादांनी कवळी डबीत ठेवली आणि झाकण लावलं. "विश्रांती घेणारं माणूस तारीख ठरवून येत नाही, बाळ. ते थकून येतं. तू तर पाठ करून आल्यासारखी बोललीस." ते हसले. दादांचं हसू फार छान होतं, सगळेच म्हणायचे. "नको सांगूस. वाटेल तेव्हा सांग. मी काय परका आहे?"

केबिनमधून बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की दादांनी 'जाऊ नकोस' असं एकदाही म्हटलं नव्हतं. तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

ही दातांची लॅब होती. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि इथे त्यावरून कॅपा आणि कवळ्या तयार व्हायच्या. बारकी पुढच्या दातांच्या कॅपांवर काम करायची. चिनी मातीची पूड पाण्यात कालवून ब्रशने थरावर थर चढवायची आणि भट्टीत घालायची. दात पांढरा नसतो. मुळाशी पिवळसर, कडेला निळसर, आणि प्रत्येकाचा वेगळा. तो रंग जमवणं हे तिचं काम. लग्नाआधीपासून ती इथेच होती. आली तेव्हा काडीसारखी होती म्हणून बारकी हे नाव पडलं, आणि पुढे अंग भरलं तरी ते काही सुटलं नाही.

दादा मालक होते, पण मालक म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. आपण एका घरातली माणसं, असं ते म्हणायचे. कुणाच्या घरी आजारपण असलं की दादा स्वतः हॉस्पिटलात हजर. कुणाचं बाळ झालं की दादा पहिले. त्यामुळे प्रत्येकाचं घर त्यांना ठाऊक होतं.

त्या घरातून बाहेर पडायला निघालेल्या माणसाचं काय होतं, ते लांबूकडे बघितलं की कळायचं. लांबू म्हणजे लॅबमधला सगळ्यात उंच माणूस, भट्टीवरचा सगळ्यात जाणता. मागच्या वर्षी त्याला मोठ्या लॅबमध्ये जागा मिळाली. मनात पाप नसलेला माणूस. आनंदाने केबिनमध्ये गेला, लॅबचं नाव, जागा, तिथल्या साहेबांचं नाव, सगळं सांगून आला. दादांनी त्याला मिठी मारली. निरोपाचा केक कापला. आणि लांबू नव्या जागी रुजू व्हायला गेला तेव्हा त्याला दारातच सांगितलं, की ती जागा आता भरायची नाही असं ठरलंय. कारण कुणी दिलं नाही. मग आणखी दोन लॅबमध्ये तो जाऊन आला. तिथेही तेच.

शेवटी दादांनीच त्याला बोलावलं. सगळ्यांच्या देखत खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आपलं माणूस आहे. रागावून गेलं तरी आपलंच." आणि भट्टीवर आता दुसरा आहे म्हणून लांबूला प्लास्टर ओतायच्या टेबलावर बसवलं. शिकाऊ पोरं जिथून सुरुवात करतात, तिथे. तेव्हापासून लांबू मान खाली घालून काम करायचा. दादांनी फोन केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण पाहायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

बारकीला नदीपलीकडच्या एका लॅबमध्ये जागा मिळाली होती. ती लॅब चालवणाऱ्या बाईंनी तिने केलेले दात एका डॉक्टरकडे पाहिले होते आणि निरोप धाडला होता. तिथे प्रत्येक टेबलाला धूळ ओढून घेणारा नळा होता. इथला नळा कधीचा बंद पडलेला. दादा 'बघू' म्हणायचे. तिची छाती तपासून डॉक्टर म्हणाले होते, "धुळीतून बाहेर पडा." तेव्हाच तिचं ठरलं होतं.

ही गोष्ट तिने फक्त नवऱ्याला सांगितली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा.

"हे बघ, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," ती म्हणाली होती. "कुणाला म्हणजे कुणालाच बोलायचं नाही. आईंनाही नाही."

"मग मला तरी कशाला सांगतेस?"

"कुणाला तरी सांगायला हवं. नाहीतर माझं पोट फुटेल."

सासूबाईंना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं असतं. त्या मनाने चांगल्या होत्या, पण जिन्यात कुणी भेटलं की त्यांना राहवायचं नाही.

राजीनाम्यानंतर दादा काहीच बोलले नाहीत. आणि त्या न बोलण्याने बारकीची झोप उडाली. ती कामात असली की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. वळून पाहिलं की कधी कुणी नसायचं, कधी दादा असायचे. "चालू दे, चालू दे," म्हणायचे आणि उभेच राहायचे. पर्समधला मोबाइल ती आता खिशात ठेवू लागली. बाईंचा नंबर तिने 'गॅसवाला' नावाने ठेवला होता. बसस्टॉपवर ओळखीचं माणूस दिसलं की ती उगाच उलट्या बाजूची बस पकडायची आणि एक थांबा पुढे जाऊन उतरायची. आपण काही गुन्हा केलेला नाही हे तिला कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते.

एका दुपारी दादांनी लांबूला आत बोलावलं. काचेतून दिसत होतं. दादा बोलत होते आणि लांबू मान हलवत होता. जेवायच्या सुट्टीत तो आपला डबा घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. कित्येक महिन्यांत बसला नव्हता.

"मग? कुठे ठरलं?" त्याने विचारलं. जरा मोठ्यानेच विचारलं. केबिनचं दार उघडं होतं.

बारकीचा घास हातातच राहिला. "कुठे नाही रे. घरीच आहे."

"असं कसं? आमच्यापासून काय लपवायचं?"

"लपवण्यासारखं काही असेल तर लपवीन ना."

तो आणखी काही विचारत राहिला, ती हूं-हां करत राहिली. तिला त्याचा संताप आला. ज्या माणसाचा पत्ता या दादांनी कापला, त्याच माणसाने त्यांच्यासाठी टेहळणी करावी?

संध्याकाळी जिन्यात लांबू तिच्यासाठी थांबला होता. दोन जिने मधे सोडून, जिथे लॅबचं दार दिसत नाही अशा वळणावर. ती त्याला ओलांडून जायला लागली तसा तो हळूच म्हणाला, "मला सांगू नकोस."

"काय?"

"मी पुन्हा विचारीन. रोज विचारीन. मला विचारायला लावलंय. तू सांगू नकोस. मला कळलं ना, तर ते माझ्याकडून काढून घेतील. माझ्यात आता तेवढा दम नाही." तो कठड्याकडे बघत बोलत होता. "दुपारी छान बोललीस. तसंच बोलत राहा."

ती काही म्हणायच्या आत तो लांब टांगा टाकत खाली उतरून गेला. ती वळणावर उभीच राहिली. लांबूच्या आवाजात जे होतं, ते तिला कुठल्याही धमकीपेक्षा वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात एकदा ती संध्याकाळी घरी आली, तर दाराशी ओळखीचे बूट. पॉलिश केलेले, टोकदार.

दादा तिच्याच खुर्चीत बसून चहा पीत होते. समोर सासूबाई, तोंडाचं बोळकं करून. त्यांची कवळी दादांच्या हातात होती.

"ये, ये," दादा म्हणाले, जणू घर त्यांचंच आहे. "मावशींना कवळी टोचते म्हणालीस ना मागे? म्हटलं आपणच बघून यावं. तू काय, चार दिवसांची पाहुणी आता. नंतर मावशींनी कुणाकडे जायचं?"

ती कवळी टोचते हे बारकी खरंच बोलली होती. कधी, ते तिला आठवेना. आणखी काय काय बोललो असू, ते ती मनात चाचपू लागली.

दादांनी खिशातून छोटी कानस काढली आणि कवळीची कड घासत सहज म्हणाले, "मावशी, सुनेची नवी नोकरी लांब पडणार का हो? सकाळी लवकर निघावं लागेल बिचारीला."

खोलीत फक्त कानशीचा आवाज. बारकीने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना काही माहीत नाही, ती स्वतःला बजावत होती, काही माहीत नाही. पण एकदा तिची आणि नवऱ्याची स्वयंपाकघरात कुजबुज चालली होती, तेव्हा सासूबाई बाहेर पेपर वाचत होत्या. वाचत होत्या की नुसता धरला होता?

सासूबाईंनी हात पुढे केला. "दाथ."

"देतो ना. मी काय म्हणतोय, नवी नोकरी..."

"दाथ द्या आधी. फोलता येत नाही." आणि त्यांनी कानावर हात ठेवला. "ऐकूही येत नाही. दाथ नथले की मला ऐकू येत नाही."

दादा हसले. दादांनी कवळी धुऊन दिली. सासूबाईंनी ती बसवली, आणि मग अशा काही बोलू लागल्या, की दादांना मधे शब्द घुसवायला जागा उरली नाही. कंबर, गुडघे, वरच्या मजल्यावरचा गळका नळ, जावेच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. दादांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

तेवढ्यात नवरा आला. निळा कामाचा शर्ट, हाताला ग्रीस. दादांना बघून तो दारातच थांबला. दादा उठले. "निघतो. जावईबापू, खालपर्यंत सोडायला या."

बारकीने नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्याने मान हलवली. दोघं जिना उतरले.

दार लागताच सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "नदीपलीकडे ना?"

"आई..."

"दात नसले तरी कान जागेवर आहेत माझे." त्यांचा आवाज कापला. "घरातल्या माणसाला घरात काय चाललंय ते भिंतीआडून ऐकायला लागावं. मी काय दवंडी पिटली असती?"

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी जरा विचार केला. "पिटली असती म्हणा," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. पण तो माणूस चांगला नाही गं. माझी कवळी मुठीत धरून बोलत होता."

नवरा वर आला तेव्हा त्याचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा होता.

"काय झालं?"

"काही नाही. इकडचं तिकडचं बोलले. लिफ्टबद्दल विचारलं. मग गाडीत बसताना म्हणाले, सकाळी पुलावर फार गर्दी असते, नाही?"

"आणि तू?"

तो खाली बसला. "मी म्हटलं, तेच म्हणतोय मी हिला, लवकर निघावं लागेल."

त्याच्यावर ओरडायचं बारकीच्या जिभेवर आलं होतं, पण त्याचे ग्रीसने काळे झालेले हात मांडीवर पालथे पडलेले पाहून तिला ओरडवेना. पुलापलीकडे दातांच्या लॅब होत्याच मुळी दोन. दोन फोन करायला दादांना किती वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी दादा तिच्या टेबलाशी आले. तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी कॅप पाहिली. "सुंदर," म्हणाले. मग आवाज खाली आणून, "नदीकाठी वारा फार असतो. छाती जप."

त्या दिवशी तिच्या हातून दोन कॅपांना चीर गेली. आजवर असं झालं नव्हतं.

दुपारी ती बाहेर पडली. दोन गल्ल्या ओलांडून, टायरच्या दुकानाच्या आडोशाला उभं राहून तिने गॅसवाल्याचा नंबर लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"बाई, मी बोलतेय. तुम्हाला एक फोन येईल. माझ्याबद्दल. कदाचित आलाही असेल."

"बरं मग?" बाई म्हणाल्या.

"ते काहीतरी वाईट सांगतील. खरं नसेल ते."

"बरं. भट्टी लागलीय माझी, ठेवते." आणि फोन बंद.

आला म्हणाल्या नाहीत, नाही आला म्हणाल्या नाहीत. ये म्हणाल्या नाहीत, येऊ नकोस म्हणाल्या नाहीत. ती टायरच्या ढिगाला टेकून उभी राहिली. लांबूलाही नव्या लॅबच्या दारात पोचेपर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, परत फिरावं, दादांचे पाय धरावेत, म्हणावं चुकले, राहते. इतकी वर्षं धूळ खाल्ली, आणखी थोडी. पण मग खोकल्याची उबळ आली, टायरवाला बाटली घेऊन धावत आला, आणि पाणी पिता पिता तो विचार कुठेतरी मागे पडला.

शेवटच्या दिवशी केक आला. सगळे टेबलं सोडून गोळा झाले. दादांनी भाषण केलं; बारकी कशी काडीसारखी आली होती, आपण तिला बोट धरून कसं शिकवलं. बायकांनी डोळे पुसले. मग दादा तिच्या बाजूला येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता तरी सांग बाळ. घरच्या माणसांना. कुठे चाललीस?"

तिच्याकडे उत्तरं तयार होती. विश्रांती. सासूबाईंची कंबर. अजून काही ठरलं नाही. तिने तोंड उघडलं आणि समोर, सगळ्यांच्या डोक्यांवरून, लांबू दिसला. तो चक्क तिच्याकडे बघत होता, मान वर करून.

"ते मी सांगणार नाही, दादा," ती म्हणाली.

तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. दादांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "आपला धंदा लहान आहे. भेटूच."

त्यांनी केकचा तुकडा उचलून तिच्या तोंडापुढे धरला. तिने तो हातात घेतला.

नव्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी ती जीव मुठीत धरून गेली. पुलावर बस थांबली तेव्हा दोनदा उतरून परत जावंसं वाटलं. दारातून कुणीतरी बाहेर येईल, मान झुकवून म्हणेल की ती जागा आता भरायची नाही. पण दारात कुणीच नव्हतं. बाई आत टेबल पुसत होत्या. "हे तुझं," म्हणाल्या आणि धूळ ओढणाऱ्या नळ्याचं बटण दाबून दाखवलं.

फोनबद्दल बाई काही बोलल्या नाहीत आणि विचारायची तिची छाती झाली नाही. ती मुकाट्याने काम करत राहिली. एक गोष्ट मात्र तिला जाणवली. संध्याकाळी सगळे आपापलं सामान स्वतः कपाटात ठेवायचे. तिचं सामान तेवढं बाई येऊन मोजून घ्यायच्या आणि स्वतः ठेवायच्या. नवीन म्हणून असेल, तिने मनाची समजूत घातली. पण मन समजत नव्हतं.

शेवटी एके दिवशी चहा पिताना बाईच म्हणाल्या, "तुझ्या दादांचा फोन आला होता. तू मला दुपारी फोन करून सावध केलंस ना, त्याच सकाळी."

तिचा कप बशीवर टेकला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलगी गुणी आहे, हात सोन्याचा आहे. फक्त वस्तू इकडच्या तिकडे होतात तिच्याकडून. सांभाळा."

तिला ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. तिने कधी एक ब्रशही घरी नेला नव्हता.

"मी विचारलं, मग इतकी वर्षं ठेवली कशी तिला? तर त्यांना अचानक दुसरा फोन आला." बाईंनी बिस्किट बुडवलं. "पण खोटं कशाला बोलू? तुझं कपाट मी लावत होते. नको म्हटलं तरी मनात राहतं ना. कुणी एकदा असं सांगितलं की राहतंच."

"आणि आता?"

"आता तूच लाव. माझी कंबर दुखते."

बारकी उठली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. रागाने की सुटल्यासारखं वाटून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आपल्या माघारी एका वाक्यात आपल्याला चोर करता येतं, आणि ते वाक्य आपल्या आधी पूल ओलांडून येऊन बसतं, हे काही तिच्या डोक्यातून जाईना.

लांबूला तिने मग फोन केला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, 'बरा आहे.' त्याहून जास्त तो कधी काही बोलला नाही, आणि तिनेही ताणून धरलं नाही. त्याच्या फोनकडे कोण बघत असेल, कुणास ठाऊक.

खोकला हळूहळू कमी झाला. सासूबाईंनी इमारतीत सगळ्यांना सांगितलं, की सून घरीच असते, तब्येत बरी नसते तिची. रोज सकाळी तिला डबा घेऊन उतरताना बघणाऱ्या शेजारणींनाही सांगितलं, आणि इतक्या ठासून सांगितलं, की त्या माना डोलवायच्या.

लॅबमध्ये फोन वाजला की मात्र बारकीचा ब्रश दातावरून उचलला जातो. अजूनही. ती हात अधांतरी धरून बसते आणि बाई फोनवर काय बोलतात त्याचा कानोसा घेते. बाईंना ते माहीत झालंय. रिसीव्हर ठेवायच्याही आधी त्या तिकडून ओरडतात, "डॉक्टरच आहेत गं. काम कर."

आणि ती करते.